आधी तुझ्या डोळ्यात

माझी सासू मला कधी पाठीमागे उभं राहू देत नसे. कडेलाही नाही. "समोर ये," म्हणायची, "दिसशील अशी बस." लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं, म्हातारीला सुनेचा चेहरा आवडलाय. मग कळलं, काचबिंदूने तिचा डावा डोळा केव्हाच गेलाय आणि उजव्याला फक्त समोरचं दिसतं, कडेचं नाही. आणि कडेला उभ्या असलेल्या माणसावर मा इपोलीतचा, म्हणजे माझ्या सासूचा, काडीचा विश्वास नव्हता. समोरच्यावरही नव्हता म्हणा, पण त्याच्यावर निदान पाळत तरी ठेवता येते.

त्यातून मी डोंगरावरची. आन्स कोराय हे किनाऱ्यावरचं गाव, इथल्या लोकांना समुद्र कळतो, होड्या कळतात, पण डोंगर म्हटलं की त्यांच्या डोक्यात पाला, मुळ्या आणि करणी एवढंच येतं. माझ्या आजीला पुदिना आणि गवत यातला फरक कळत नव्हता, पण हे सांगायचं कुणाला? सिल्वानने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा मी आमच्याकडची आलं घातलेली रम घेऊन आले होते. इथली रीत अशी की बाटली ज्याने उघडली त्याने आधी सगळ्यांदेखत घोट घ्यायचा, मग दुसऱ्यांना ओतायची. त्यात कुणी वाईट वाटून घेत नाही, पोरं लहानपणापासून हेच बघतात. मी घोट घेतला. मा म्हणाली, "अजून एक." मी अजून एक घेतला. मी कोसळतेय का ते तिने नीट बघितलं आणि मग आपला पेला पुढे केला. सगळे हसले. मीही हसले. नवी नवरी दुसरं काय करणार?

सिल्वान जहाजावर स्वयंपाक करतो, पर्यटकांच्या मोठ्या जहाजावर. गेला की महिनोन्‌महिने तोंड दिसत नाही. घरात मी आणि मा. धंदा कोकोच्या कांड्यांचा. बिया भाजायच्या, सोलायच्या, उखळात कुटून त्याचा गोळा करायचा आणि गरम असतानाच हातावर वळायचा. कुटणं माझ्याकडे, बिया निवडणं मा कडे. बुरशी लागलेली एक बी त्या एका डोळ्याने ती अशी काही हुडकायची की मला दोन डोळे असून लाज वाटावी. तो डोळा तिचा जीव की प्राण होता. एकदा बिया निवडता निवडता मला म्हणाली, "हा गेला ना, की मी पुरती तुझ्या हातात." हे तिने भाजी खारट झालीय म्हणावं तसं सांगितलं. तिला आंधळं व्हायची भीती नव्हती. माझ्यासोबत आंधळं व्हायची होती.

रात्री डोळ्यात घालायचा एक थेंब आधीपासून होता. सिल्वान घरी असला की तो घालायचा, नसला की मी. त्यावर तिची काही तक्रार नव्हती. मग शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात दाब वाढलेला निघाला आणि डॉक्टरांनी दुसरं औषध जोडलं, पिवळ्या टोपणाचं, सकाळ-संध्याकाळ. ते घ्यायला आम्ही गावच्या हेल्थ सेंटरवर गेलो. नर्स मॅथ्युरिन बाई मोठ्या आवाजाच्या. सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं, "मा इपोलीत, दमा आहे का? कधी छाती भरून येते? नाडी मंद चालते असं कुणी सांगितलंय?"

"मला काही नाही," मा म्हणाली. "मला फक्त सून आहे."

रांग खदाखदा हसली. मी बाकाच्या टोकाला नजर चुकवून बसले होते. कारण लहानपणी मला दमा होता. चांगला जोराचा. सहारा वाळवंटाची धूळ समुद्र ओलांडून यायची आणि आमच्या डोंगरावर आभाळ पिवळं व्हायचं, की आई मला रात्रभर मांडीवर बसवून ठेवायची. मोठी झाले तसा तो गेला. लग्न ठरलं तेव्हा आईने बजावलं, किनाऱ्यावरचे लोक श्वासाचा आजार रक्तात उतरतो असं मानतात, एक अक्षर बोलू नकोस. मी बोलले नाही. सिल्वानलाही नाही. आणि त्या दिवशी मला कुणी विचारलंही नाही. डोळे माझे नव्हते.

नर्सबाईंनी थेंब घालून दाखवला. हात धुवायचे, मान मागे, खालची पापणी जराशी ओढून खळगा करायचा, बाटलीचं तोंड कुठेही टेकू न देता एकच थेंब. मग डोळा मिटायचा आणि नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून ठेवायचं, औषध डोळ्यातच राहावं म्हणून. तोपर्यंत सगळं ठीक होतं. पण त्यांनी मला करून बघायला सांगितलं, आणि माझं बोट तिच्या डोळ्याच्या कोपऱ्याला लागलं मात्र, मा ताठ झाली.

"बोट काढ."

"अहो मा, नर्सबाईंनी सांगितलंय."

"नवरा गेला तेव्हा मी त्याच्या डोळ्यांवर असंच बोट ठेवलं होतं. अजून जिवंत आहे मी. काढ."

स्वतःचं बोट ठेवा म्हटलं तर म्हणाली, तेही नको. नर्सबाईंनी माझ्याकडे बघून खांदे उडवले. झालं. बोट दाबायचं राहूनच गेलं आणि तिथूनच सगळं बिनसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थेंब घातला. मा चा चेहरा आंबट झाला. जीभ टाळूला लावून तिने दोनदा चटक असा आवाज काढला.

"कडू आहे."

"डोळ्यात घातलेलं कडू कसं लागेल, मा?"

"कडू मला शिकवू नकोस. उभा जन्म कोको कांडलाय. हे घशात आलंय आणि कडू आहे." तिने पूर्ण मान वळवून मला डोळ्यासमोर धरलं. "रात्रीचं औषध कधी कडू लागलं नाही. हेच का लागतं? काय घातलंस यात?"

मी म्हटलं, बाटली सीलबंद होती, तुमच्यासमोरच फोडली. ती म्हणाली, फोडलीस माझ्यासमोर, पण ठेवतेस कुठे, माझ्यामागे. त्यानंतर बाटली तिच्या उशीखाली गेली. तिथून ब्लाउजमध्ये गेली. संध्याकाळी मी थेंब घालायला गेले की ती आधी बाटली नाकाशी नेऊन वास घ्यायची, उजेडात धरायची, हलवायची. आणि थेंब पडला रे पडला की डोळा घट्ट आवळून रुमालाने टिपून टाकायची. मला दिसत होतं की निम्मं औषध रुमालात जातंय. म्हटलं, "मा, असं केलंत तर डोळा जाईल." तर म्हणाली, "घाई झालीय का तुला?"

मला संताप यायचा. खरं सांगते, कुटताना मी उखळात मुसळ असं आपटायचे की शेजारची तांत फिलोमेन कुंपणावरून डोकवायची. तांत म्हणजे काकू, ती सगळ्या गल्लीची काकू होती आणि सगळ्या गल्लीची बातमी तिच्याकडून निघायची. मा ने तिच्या कानावर घातलंच होतं. फिलोमेन मला म्हणाली, "म्हातारी म्हणते, औषध कडू लागतं. कुठेतरी पाणी मुरतंय बाई." मी म्हटलं, "मुरतंय ना, तिच्या रुमालात." पण दुसऱ्या दिवशी बेकरीवर माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

मग एका संध्याकाळी मा अंगणातल्या खुर्चीत बसली, मान मागे टाकली, आणि मी बाटली उघडल्यावर हात आडवा धरला.

"आधी तुझ्या डोळ्यात."

"काय?"

"बाटली उघडलीस ना? मग रीत माहीत आहे तुला. आधी तुझ्या डोळ्यात. माझ्यासमोर."

कुंपणापलीकडे फिलोमेनचा झाडू थांबला. मला एकदम नर्सबाईंचा प्रश्न आठवला, दम्याचा. पण डोळ्याचा आणि छातीचा काय संबंध? आणि दमा होता तो लहानपणी. नाही म्हणावं तर हिचा संशय खरा ठरतो. का नाही ते सांगावं तर लग्नात लपवलेलं बाहेर येतं, तेही झाडू धरून उभ्या असलेल्या फिलोमेनसमोर. आणि माझं डोकंही तापलेलंच होतं. म्हटलं, बघ म्हातारे. मान मागे टाकली आणि थेंब घातला. डोळा झोंबला. बोट कोपऱ्याकडे नेलं तर मा म्हणाली, "अंहं. बोट नको. माझा थेंब अडवायला निघाली होतीस, तसा तुझा अडवू नकोस. घशात येऊ दे." थोड्या वेळाने घशात आलंच, आणि खरंच कडू होतं. तिची एवढी एक गोष्ट तरी खरी होती.

"कडू?" मा ने विचारलं.

"कडू."

"हं," ती म्हणाली आणि मान मागे टाकली. त्या संध्याकाळी तिने रुमाल काढला नाही.

त्यानंतर रोजचंच झालं. सकाळी आधी मी, मग ती. संध्याकाळी आधी मी, मग ती. आणि वाईट म्हणजे मला ते बरं वाटायला लागलं. औषध तिच्या डोळ्यात पूर्ण जात होतं. टिपणं बंद, आवळणं बंद. फिलोमेनने गल्लीत सांगितलं की पोरगी स्वतः आधी घालते, आणि बेकरीवाल्याने मला पुन्हा गरम पाव काढून दिला. सिल्वानचा फोन आला तेव्हा मा त्याला म्हणाली, "तुझी बायको हट्टी आहे, पण रीत पाळते." मा इपोलीतच्या तोंडून याहून मोठं कौतुक कुणी ऐकलेलं नाही.

फक्त बाटली लवकर संपली. दोघी घालतोय म्हटल्यावर संपणारच, पण मा ला हे कोण सांगणार? तिने रिकामी बाटली हलवली आणि तिचा चेहरा पुन्हा जुना झाला. "औषध जातं कुठे?" मी म्हटलं, निम्मं माझ्या डोळ्यात जातं, तुमच्याच हुकमाने. ती म्हणाली, "तुझ्या एका डोळ्यात एवढं?" हेल्थ सेंटरवर गेले तर नर्सबाईंनीही चष्म्यावरून बघितलं. "इतक्यात? सांडलं, का कुणाला देतेस? हे औषध वाटायचं नसतं हं, ओरेलिया." मी म्हटलं, सांडलं. त्यांनी नवी बाटली दिली, पण देताना जरा वेळ हातात धरूनच ठेवली.

याच सुमाराला मला खोकला लागला. कोरडा, पहाटेचा. जिना चढले की छातीवर कुणी गोणी ठेवल्यासारखं वाटे. आभाळ पिवळं पडलं होतं, सहाराची धूळ आली होती, सगळं गाव खोकत होतं. मी म्हटलं, धूळच. रात्री भिंतीला टेकून बसायचे आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडात चादरीचं टोक धरायचे. लहानपणी आई मांडीवर घ्यायची ते आठवायचं आणि रडू यायचं. पण मा ला काही कळू द्यायचं नव्हतं. तिला मात्र कळत होतं. भिंतीपलीकडून ती विचारायची, "काय करतेस गं तिकडे?" मी म्हणायचे, "काही नाही." आणि ती म्हणायची, "काही नाही करायला एवढा आवाज लागत नाही."

रविवार होता. चर्चला जायचं म्हणून मा ने, इथल्या बाया सणावाराला बांधतात तो, मॅड्रास कापडाचा चौकटीचा फेटा बांधला होता आणि फिलोमेन सोबतीला येऊन पायरीवर बसली होती. बाहेर धूळ इतकी की समुद्र दिसत नव्हता. मी थेंब घातला, बाटली बंद केली, आणि मा कडे वळले तोवर श्वास आत जाईना. म्हणजे आत जात होता थोडा, बाहेर येत नव्हता. मी टेबल धरलं. छातीतून शिट्टी वाजायला लागली, ती लहानपणीची, ओळखीची. फिलोमेन ओरडली, "हिचे ओठ बघ, निळे झाले." आणि मला मा चा आवाज ऐकू आला, भीतीने चिरका झालेला, पण त्यात आणखीही काहीतरी होतं.

"बघितलंस? बघितलंस, फिलोमेन? विष आहे त्यात. मी म्हणत नव्हते?"

मला बोलायचं होतं, पण बोलायला हवा नव्हती. शेजारच्या कोळ्याने मला उचलून त्याच्या पिकअपमध्ये टाकलं. गाडी वळताना मी बघितलं, मा दोन्ही बाटल्या, पिवळ्या टोपणाची आणि रात्रीचीही, चाचपडत घेऊन परसातल्या संडासाकडे चालली होती.

इस्पितळात तोंडावर वाफेचा मास्क लावला, सुई टोचली, आणि हळूहळू हवा परत आली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, तोंडाने तिखट.

"काय घेतलंस?"

"काही नाही."

"गोळी? काढा? पाला?"

डोंगरावरची म्हटल्यावर यांनाही पाला आठवला. मी मान हलवली. "काही नाही."

"काही नाही म्हणणाऱ्यांचाच मला संशय येतो," त्या म्हणाल्या. "दमा आहे?"

आयुष्यात पहिल्यांदा मी हो म्हटलं. मग बराच वेळ छताकडे बघत पडले, आणि घशात अजून कडू लागत होतं. त्यावरून मला सुचलं. मी मास्क बाजूला केला. "डोळ्यात थेंब घातला होता."

"कुणाचा?"

"सासूचा. काचबिंदूचा. पिवळं टोपण."

त्या खुर्ची ओढून बसल्या. मी सगळं सांगितलं. रीत, बोट, रुमाल, सगळं. त्या आधी हसल्या आणि मग त्यांचं हसू गेलं. म्हणाल्या, डोळ्याच्या कोपऱ्यातून एक बारीक वाट नाकात जाते आणि तिथून घशात. बोट दाबलं नाही की औषध त्या वाटेने उतरतं, कडू लागतं ते त्यामुळे. आणि नाकातून ते थेट रक्तात जातं. तुझ्या सासूची छाती धडधाकट आहे म्हणून तिला चाललं. दमा असलेल्या माणसाचा मात्र तोच एक थेंब श्वास बंद करू शकतो. "बाटलीवर नाव कशाला लिहितात, शोभेला?" त्यांनी विचारलं. "तुला दमा आहे आणि तू दुसऱ्याचं औषध रोज दोनदा घेत होतीस. जगलीस हे नशीब." निघताना दारातून वळून म्हणाल्या, "आणि सासूचं औषध चालू आहे ना? ते थांबलं की दाब पुन्हा चढतो, आणि तिला कळणारही नाही. गेलेली नजर परत येत नाही."

फिलोमेन फळं घेऊन भेटायला आली. तिच्याकडून कळलं. मा ने सगळ्या गावाला सांगितलं होतं की पाप तिचं तिच्याच घशात गेलं. निम्मं गाव म्हणत होतं, पोरीने म्हातारीसाठी विष घातलं आणि रीतीमुळे स्वतःच सापडली. उरलेलं निम्मं म्हणत होतं, औषधच खोटं आहे, आणि आपापल्या बाटल्या फेकायच्या विचारात होतं. मा ने त्या दिवसापासून डोळ्यात काहीही घातलं नव्हतं.

"काहीच नाही?" मी विचारलं.

"मी एका पानाचा रस नेला होता," फिलोमेन म्हणाली, "पण ती मलाही म्हणाली, आधी तुझ्या डोळ्यात. मग मी परत आणला."

मला इस्पितळातून सोडलं तेव्हा स्टँडवर दोन बस शेजारी उभ्या होत्या, एक डोंगराची, एक किनाऱ्याची. मी डोंगराच्या बसमध्ये चढले. खिडकीजवळ बसले. मनात म्हटलं, बस झालं, आता राहू दे तिला तिच्या संशयाबरोबर. ड्रायव्हरने गाडी सुरू केली आणि मला ती बाई दिसली, बिया निवडणारी, बी नाकाशी धरून. तिचा डोळा गेला असता तर गाव म्हणालं असतं, डोंगरवालीने घालवला. आणि ते एवढंच असतं तरी मी गेले असते आईकडे. पण मला तिची काळजीही वाटत होती, आणि काळजी वाटतेय याचाच राग येत होता. मी उतरले. ड्रायव्हरने दोन शिव्या दिल्या.

आधी हेल्थ सेंटर. नर्सबाई "परत?" म्हणाल्या आणि मी या वेळी खरं सांगितलं. त्यांनी समोरचं रजिस्टर मिटलं. मग म्हणाल्या, "मी तिला विचारलं. तिला थेंब घालणाऱ्या बाईला विचारलं नाही." त्यांनी दोन्ही बाटल्या दिल्या. "तू लांब राहा यापासून," म्हणाल्या, "तिला शिकव."

मा अंगणात उखळाजवळ बसली होती. फाटक वाजलं तशी तिने मान हळूहळू वळवली, जिथवर मी सापडेन तिथवर.

"कोण? समोर ये."

मी समोर गेले.

"जिवंत आहेस."

"आहे."

"काय होतं त्यात?"

"औषध होतं, मा. तुमचं औषध."

"औषधाने धडधाकट माणूस निळा पडतो?"

"धडधाकट नाही पडत. दमा असलेला पडतो."

कुंपणापलीकडे झाडू थांबला. मा चा डोळा माझ्यावर स्थिर होता.

"दमा कुणाला आहे?"

"मला."

"केव्हापासून?"

"लहानपणापासून."

"म्हणजे लग्नाच्या आधी."

"आधी."

"आणि सांगितलं नाहीस. मला नाही, माझ्या पोरालाही नाही."

"नाही सांगितलं."

मला वाटलं, आता घराबाहेर. पण म्हातारीच्या चेहऱ्यावर काय पसरलं ते मी कसं सांगू? हरवलेली किल्ली खिशातच सापडावी तसं. ती मांडीवर थाप मारून म्हणाली, "मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून म्हणतेय, ही पोरगी काहीतरी लपवतेय. फिलोमेन, ऐकतेस ना? लपवतच होती. मी काय वेडी होते?"

"नव्हतीस बाई," कुंपणाने उत्तर दिलं.

ती हसली. मीही हसले, आणि हसता हसता खोकले. खोकल्याबरोबर तिचं हसू थांबलं. तिने हात पुढे केला आणि हवेत माझं मनगट शोधलं.

"तुला माहीत होतं दमा आहे. तरी रोज घातलास?"

"तुम्हीच म्हणालात, आधी तुझ्या डोळ्यात."

"मी काय वाटेल ते म्हणते." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मी म्हटलं म्हणून मरायचं असतं का, पोरी?"

तिने मनगट सोडलं नाही. मग ती म्हणाली, "बाटली दे. तू हात लावू नकोस. लांब जाऊन बस."

तिने हात धुतले. मी दाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसले, तिच्या उजव्या कडेला. पहिला थेंब कपाळावर पडला. मी म्हटलं, "खाली घ्या." दुसरा गालावर. "पापणी ओढा, खळगा करा, बाटली टेकवू नका." ती पुटपुटत शिव्या देत होती, मला की बाटलीला ते कळत नव्हतं. तिसऱ्या वेळी थेंब हलला, सुटला आणि बरोब्बर खळग्यात पडला.

"गेला का?" तिने विचारलं.

"गेला."

तिने डोळा मिटला. एवढंच. वास घेतला नाही, रुमाल काढला नाही. "बोट कुठे म्हणत होती ती बाई?"

"नाकाजवळ, कोपऱ्यात. हळू."

तिने स्वतःचं बोट ठेवलं आणि तशीच बसून राहिली, तोंड रस्त्याकडे करून. मग डोळा उघडला आणि जीभ टाळूला लावून चटक असा आवाज काढला.

"कडू नाही लागत," म्हणाली.

मी उंबऱ्यावर कडेलाच बसून होते, तिला दिसणार नाही अशी. ती समोर ये म्हणेल म्हणून वाट बघितली. ती म्हणाली नाही.